मनोरीच्या धक्क्यावरून आलेली हाक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टर उडवणाऱ्यांत मी पहिला. आजही. पण ही एक गोष्ट... ती काही मला हसण्यावारी नेता आलेली नाही.

८५-८६ ची गोष्ट असेल. लग्नानंतर आम्ही बोरीवलीला नवीनच राहायला आलो होतो. सुमनला चौथा महिना, आणि बाईसाहेबांचे डोहाळे काय, तर समुद्र! रविवारी स्कूटर काढली, मार्वेला ती फेरीबोटीत चढवली आणि खाडी ओलांडून मनोरीला गेलो. दिवसभर झकास हिंडलो.

परतीच्या बोटीत बसलो तेव्हा सूर्य बुडत आला होता. मी स्कूटर धरून उभा, सुमन कडेच्या फळीवर, तिच्या शेजारी रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण. बोट खाडीच्या मध्यावर असताना मागून, मनोरीच्या धक्क्यावरून, एका बाईची हाक आली.

"छबू... चल गं!"

इंजिनाच्या धडधडीतही अगदी स्वच्छ. मी वळून पाहिलं, धक्क्यावर कोणीच नव्हतं.

"आले!" म्हणत सुमन उठली आणि तिने सरळ कठड्यावर पाय टाकला. स्कूटर सोडून मी धावलो, पण त्याआधीच कोळणीने तिचा दंड पकडून तिला खाली ओढलं.

"गो बाय, एके हाकेला ओ कशाला दिलीस? जित्ता मानूस परत हाक मारतं!"

म्हणजे तिनेही ऐकलं होतं!

मार्वेला उतरल्यावर मी विचारलं, "छबू कोण गं?"

"मी. आई म्हणायची."

तिची आई आमच्या लग्नाआधीच गेलेली. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं, आणि हे नाव आमच्या घरात कधी निघालं नव्हतं.

"मला अडवायला नको होतं," सुमन म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना, अहो? ती मला न्यायला आली होती."

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता हो... त्या आनंदाचीच मला जास्त भीती वाटली. पुढे नऊ महिने भरेपर्यंत मी तिला एकटं सोडलं नाही.

मित्र म्हणतात, भास झाला असेल. एकाच वेळी तिघांना? मला तरी अजून याचा उलगडा झालेला नाही.

बाळंतपण बोरीवलीतच झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी आत गेलो तर सुमनने मुलगा की मुलगी हेसुद्धा विचारलं नाही. माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाली, "आई गेली का हो?"

मी मागे वळून न बघताच "हो" म्हणालो.