भिकनआबांचा झोंबणारा साबण

भडगावजवळच्या बागांमध्ये केळीचे घड उतरवता उतरवता भिकनआबांचे केस पांढरे झाले आणि हात काळे. केळीचा चीक एकदा लागला की निघत नाही, हे सगळ्या गावाने मान्य केलं होतं. राहिले होते ते आबा. रोज संध्याकाळी ते कपडे धुण्याच्या वडीने हात घासत. साबणाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं : "झोंबस नही तो साबण कसाना?"

वड्या संपत गेल्या, डाग राहिले.

मग नात झाली. आबांनी तिच्या गालाला हात लावला आणि पोरीने असा गळा काढला, की शेजारचे झुलालनाना हातातला चहा टाकून धावत आले.

"हात शेतस का टाकी मारेल जातं?" तानुबाईने नवऱ्याला विचारलं.

आबांना वाटलं, हात अजून पुरते स्वच्छ नाहीत. त्यांनी वडीच्या जोडीला नारळाची शेंडी घेतली. हातांना भेगा पडल्या, रक्त आलं. बारसं तोंडावर आलेलं, आणि नातीला पाळण्यात आजोबानेच घालायचं ही घरची रीत. "झुलालनानाले सांगू का?" तानुबाई म्हणाली, तेव्हा आबा ताटावरून उठले.

सून मेघा धुळ्याची, रसायनशास्त्र शिकलेली. तिने आधी वडी जप्त केली, मग बोलली. "आबा, कातडीचा वरचा थर प्रोटीनचा असतो, केस-नखांसारखा. ही वडी त्यातलं तेल काढून नेते आणि प्रोटीनला फुगवते. सुकलं की ते ताठरतं, तडकतं. सौम्य साबण एवढा अंगावर येत नाही."

"अन् डाग?"

"तो त्या प्रोटीनलाच चिकटलाय. जुनी कातडी गळेल, तेव्हा जाईल. पोरगी डाग बघून नाही रडत, तिला टोचतं."

नवा साबण आबांना मुळीच पटला नाही. झोंबत नाही, खरवडत नाही. साबण आहे की लोणी? तरी नातीसाठी घेतला. बागेत जाताना हातांना तेल, आल्यावर तो साबण, वर पुन्हा तेल.

"घरनं बठ्ठं तेल हातलेच लावस," झुलालनाना म्हणाले, "भाजी काय पानीमा करतस का?"

बारशाला हात काळेच होते, पण भेगा मिटल्या होत्या. आबांनी नातीला उचललं. बायका गाणं विसरल्या. पोरीने तोंड वाकडं केलं, थोडा विचार केला, जांभई दिली आणि आजोबाचं धोतर ओलं करून झोपली.

"आते हात धुई या," तानुबाई नवऱ्याला म्हणाली.

आबांनी नातीला हळूच पाळण्यात ठेवलं आणि सुनेकडे वळले. "मेघा, तो लोनीना साबण कोठे शे?"