शांतव्वाची म्हैस

कुरुंदवाडच्या शांतव्वाला माईक लागत नाही. ती गोठ्यात म्हशीवर ओरडली, की नदीपलीकडचा माणूस आपलंच काही चुकलं का म्हणून बघतो. धरणवाल्यांनी तिला जनसुनावणीला गाडीत घालून नेलं ते या आवाजासाठीच. वर जंगलात धरण झालं की खालचा पूर थांबेल, एवढंच या पूरग्रस्त बाईनं ठणकावून सांगायचं होतं.

शांतव्वा खुशीत निघाली. तिची भाकड म्हैस त्याच जंगलात, कारवीच्या धनगरवाड्यावर बाळाबाईकडे चरायला होती. गाभण राहून व्यायला आली की म्हैस खाली आणायची, ही दोन्ही घरांची जुनी रीत. म्हशीचे दिवस भरत आले होते, आयती गाडी मिळाली होती. धरणात बुडणार तो बाळाबाईचाच वाडा, हे तिला मंडपात धनगरांच्या रांगेत बसलेली बाळाबाई भेटल्यावर कळलं आणि तिचं टाळकंच सरकलं.

साहेबांनी नाव पुकारलं. शांतव्वानं माईक बाजूला सारला.

"सायेब, घरात पानी शिरलं की काय हुतंय, मला इचारा. चूल इरघळती, भांडी तरंगत्यात. पर पानी उतरतंय. गाळ काढतो, पुन्ना चूल मांडतो. ह्या बाळाबाईच्या घरावरचं पानी कवा उतरणार, सांगा की!"

"बाई, तिथं वस्तीच नाही. नुसतं जंगल आहे."

"मग माझी म्हैस काय वाघ राखतोय व्हय?"

मंडप खदखदून हसला. तिला आणणारा माणूस घाईनं पुढं आला. "अव्वा, तुम्ही पूरग्रस्त. तुम्हाला आमच्या बाजूनं बोलायला आणलंय."

"पूरग्रस्त हाय म्हणूनच बोलतोय. माझा पूर हिच्या दारात न्हेऊन टाकू नगा!"

आता कुरुंदवाडची बाकीची मंडळीही उठली आणि धनगरांच्या रांगेत जाऊन बसली. निर्णय नंतर कळवू, असं सांगून साहेबांनी सुनावणी आवरली.

शांतव्वाच्या निरोपावरून बाळाबाईनं म्हैस मंडपामागं आणून बांधली होती. दावं सोडून तिनं शांतव्वाच्या हातात दिलं.

"अक्का, घिऊन जा. आमचं काय हुईल सांगता येत न्हाय. जित्राब तरी सुखरूप जाऊ दे."

शांतव्वाला भरून आलं. पण रडणं तिला जमत नाही, म्हणून ती ओरडली.

"गप की! म्हैस हितंच व्येणार. चीक काढून ठेव, मी खायाला येतो."

आणि दावं तिनं बाळाबाईच्या हातात परत दिलं.