गुहेनं उचललेली वंदना

आमच्यात चमत्कार मानत नाहीत, आणि मी तर मुळीच मानत नाही. भोंगवलीच्या अंगणवाडीत पोरांना शिकवण्यात माझी उमर गेली. कुणाच्या अंगात आलंय असं कुणी सांगत आलं, की त्याला आधी पाणी प्यायला देऊन खाली बसवणारी बाई मी. म्हणून व्हिएतनामच्या डोंगरात माझ्या बाबतीत जे झालं, ते मी जसं झालं तसंच सांगणार आहे. त्याला नाव काय द्यायचं ते वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

आधी माझी अडचण सांगते. भोर तालुक्यात बुद्धवंदना ऐकावी ती भोंगवलीच्या बाईंच्या आवाजात, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नसे. सुरुवात माझी नसायची, सुरुवात ह्यांची असायची. आमचे हे टेम्पो चालवायचे. आवाज घोगरा, सुराशी फारसं देणंघेणं नाही. पण 'नमो तस्स' हे वंदनेचे पहिले शब्द आधी ह्यांनी म्हणायचे, मग ते मी उचलायचे, आणि माझ्यामागून सगळ्या बाया. लग्न होऊन आले तेव्हापासून हीच रीत. दर बुद्धपौर्णिमेला हे गावातल्या बायांना टेम्पोत बसवून नीरेच्या पुलापलीकडं, शिरवळच्या लेण्यांवर न्यायचे. तिथं मूर्ती नाही, नुसता दगडी स्तूप आहे. त्या अंधारात ह्यांचं घोगरं 'नमो तस्स' उठायचं आणि मी माझा आवाज असा सोडायचे, की बाहेर चपला सांभाळत बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळायचा. घरी परतताना हे गाडी चालवता चालवता म्हणायचे, "टेम्पोनं जाता आलं असतं ना, तर बुद्धाचं सगळं देश फिरवून आणलं असतं तुला."

हे गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. सकाळी चहा घेतला, टेम्पोची काच पुसायला घेतली आणि तिथंच बसले ते बसले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्या माणसासाठी सगळे जमून वंदना घेतात तेव्हा, सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. तसा एरवी आवाज ठणठणीत. शेजारणीशी बांधावरून भांडायला पुरायचा, पोरांवर ओरडायला पुरायचा. डॉक्टरांनी घसा तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण वंदनेला बसले की छातीतून काहीतरी वर यायचं आणि गळ्यात अडकायचं. मागच्या बुद्धपौर्णिमेला लेण्यांत मी तोंडाला पदर लावून मुकी बसले. दुसऱ्यांच्या मयताला जाऊन, सगळं अनित्य आहे बाई, असं मी कितीदा सांगितलं असेल. माझ्यावर वेळ आली तेव्हा त्यातला एक शब्द माझ्या उपयोगाला आला नाही. आपण जन्मभर नुसती पोपटपंची केली की काय, असं मनात यायला लागलं. हे मी कुणाला बोलले नाही. यंदाची पौर्णिमा जवळ आली तशा बाया घरी आल्या. "यंदा तरी तुमीच म्हना बाई, तुमच्याबिगर लेण्यात गेल्यावानी वाटत न्हाई." मी म्हटलं, "दुसरी कुणी बघा. माझं झालं आता." त्या ऐकेनात. मग फिरून आल्यावर पक्कं सांगते म्हणून त्यांना लावून दिलं. मनात नकार पक्काच होता.

फिरून आल्यावर म्हणजे व्हिएतनामहून. माझी मुलगी प्रज्ञा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तिनं परस्पर तिकिटं काढली आणि मला बॅग भरायला लावली. आमच्या घरातलं पहिलं विमान माझ्या वाट्याला आलं, तेही लेकीच्या जिवावर. हे मी गावात चार ठिकाणी सांगितलं, कारण सांगण्यासारखंच होतं. तिथं डा नांग नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. शहराच्या कडेला सपाट जमिनीतून संगमरवराचे पाच डोंगर एकदम वर आलेत, आणि त्यांच्या पोटात गुहा, गुहांमध्ये बुद्धाची मंदिरं. अर्ध्या दिवसाची सहल होती. गाडी, गाईड, दुपारचं जेवण, सगळं त्यात आलं.

त्या सकाळी मी पांढरी साडी नेसले. प्रज्ञा म्हणाली, "आई, ड्रेस घाल ना, पायऱ्या आहेत, साडी मळेल."

"मळंना का. विहारात जायचं तर पांढरंच."

आमच्यात पांढरा रंग दुःखाचा नाही. आमची नवरीसुद्धा लग्नाला पांढरी साडी नेसते. आणि विहारात शिरताना डोक्यावर पदर घ्यायचा, ही सासूबाईंची शिकवण. आता गाडीतून उतरल्यावर कुठं शोधत बसू म्हणून हॉटेलातूनच मी पदर घेऊन निघाले.

आणि काय सांगू, काय मान मिळाला! हॉटेलच्या दारातला माणूस कमरेत वाकला. आमची गाईड लान नावाची, चाळिशीची हसरी बाई. बाकीच्यांशी मोठ्यानं गप्पा मारत होती, पण मला बघितल्याबरोबर आवाज खाली आणून बोलायला लागली. मला पुढची सीट दिली आणि पाण्याची बाटली स्वतः उघडून हातात ठेवली. डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या मूर्ती घडवणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथल्या बाया सगळ्यांच्या मागं लागत होत्या, माझ्यापाशी आल्या की गप्प होऊन बाजूला सरत होत्या. मी प्रज्ञाला कोपरानं ढोसलं. "बघ, बुद्धाच्या देशातनं आलोय हे कळलं ह्यांना." प्रज्ञा हसली, पण तिलाही ते पटल्यासारखं दिसलं. वर जायला लिफ्ट होती, तिथंही रांगेतल्या लोकांनी मला पुढं जाऊ दिलं. मी मान ताठ करून पुढं गेले.

वर पहिल्याच अंगणात संगमरवराची उंच मूर्ती होती. डोक्यावरून पदर घेतलेली, पांढरीशुभ्र, हातात पाण्याची लहानशी सुरई. लाननं सांगितलं आणि प्रज्ञानं मला समजावलं, की ही करुणेची मूर्ती, दुःखी माणसाची हाक ऐकणारी. मी म्हटलं, "बघ, हिचाबी पदर पांढराच हाय." डोंगरावर चाफा फुलला होता. अगदी आपल्याकडं, टेम्पोतून जाताना वेल्ह्याच्या वाटेवर दिसायचा तसा. मला हे आठवले आणि मी उगाच साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिले.

मंदिरात उदबत्त्यांचा धूर दाटला होता. समोर फळांच्या राशी. त्यात ते गुलाबी ड्रॅगनफ्रूटही होतं, जे आता आपल्याकडंही लावतात. लान बाकीच्यांना इतिहास सांगत होती, प्रज्ञा फोटो काढत होती. मी हात जोडून उभी राहिले आणि सवयीनं ओठ हलवले. गळा बंद. म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून आलो तरी तेच. मला रडू येईना, नुसता राग आला. कुणावर ते मात्र कळेना.

तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. वळून बघते तर एक म्हातारी भिक्खुणी. डोक्याचा गोटा, तपकिरी चीवर, माझ्या खांद्याइतकी उंची. तिनं माझ्या पदराकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि काहीतरी हळू विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. काय विचारलं ते मला कळलं नव्हतं, पण एवढ्या मायेनं विचारल्यावर नाही कसं म्हणणार? तिनं मला हाताला धरून बाजूच्या खोलीत नेलं. तिथं भिंतीला पायऱ्यापायऱ्यांची मांडणी होती आणि तिच्यावर फोटो. म्हातारे, म्हाताऱ्या, एक तरणी मुलगी, एक फौजी पोशाखातला माणूस. प्रत्येकापुढं फूल, कुठं चहाचा लहानसा कप. सगळी गेलेली माणसं होती. भिक्खुणीनं त्यांच्याकडं बोट केलं, मग तळहात माझ्या छातीवर ठेवला आणि वाट बघत उभी राहिली.

हिला कसं कळलं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये ह्यांचा लहान फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला, जरा रागीट चेहऱ्याचा. तो प्रज्ञालाही ठाऊक नव्हता. मी तो काढला. भिक्खुणीनं दोन्ही हातांनी घेतला, फौजी माणसाच्या शेजारी केळ्यांच्या फणीला टेकवून उभा केला आणि उदबत्ती लावली. मग माझा हात पुन्हा धरून ती मला मागच्या दारानं गुहेकडं घेऊन निघाली. वाट उतरती, दगड ओले, उजेड कमी. माझे गुडघे कुरकुरायला लागले. एरवी मी कुणाचा आधार घेत नाही, गावात लाकडी पूल ओलांडतानाही नाही. पण तिथं पाऊल कुठं टाकायचं हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी अंग सैल सोडलं आणि ती नेईल तिकडं गेले.

गुहा म्हणजे डोंगर आतून कोरून काढल्यासारखी. छत कुठल्या कुठं उंच, आणि त्याला भोकं. त्यांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले होते, धूर त्यांत हळूहळू फिरत होता. समोरच्या कड्यात खूप उंचावर तथागत बसलेले. भिक्खुणी खाली बसली, मला शेजारी बसवलं आणि तिच्या भाषेत म्हणायला लागली. सूर वेगळा, शब्द वेगळे, पण वंदना ओळखू येते. एका हातानं ती पोकळ लाकडी ठोकळ्यावर टिपरीनं ताल धरत होती, दुसऱ्यानं माझी पाठ थोपटत होती. थोड्या वेळानं ती थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

हुंदका बाहेर यावा तसं माझ्या तोंडून 'नमो तस्स' बाहेर पडलं. फुटका, घोगरा, निम्मा अडकलेला आवाज. मी स्वतःच शरमले. पण तो आवाज वर गेला, छताला लागला आणि परत आला. भारी होऊन, खर्जात, जसं कुणी दुसऱ्यानंच म्हटलं असावं. अगदी ह्यांच्यासारखं. सुरुवात झाली होती. आणि सुरुवात झाली की उचलायचं, ही माझ्या हाडात बसलेली सवय. मी विचार केलाच नाही. मी उचललं. आवाज असा सुटला, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. 'बुद्धं सरणं गच्छामि'ला आले तेव्हा माझ्यामागून आणखी एक आवाज उठला. प्रज्ञा मला शोधत खाली आली होती. गावात कधी तोंड न उघडणारी माझी लेक, डोळ्यांतलं पाणी न पुसता, माझ्यामागून म्हणत होती. फोटो काढणाऱ्या लोकांनी मोबाईल खाली केले. भिक्खुणीनं हात जोडले होते. त्या परक्या डोंगरात आमची पाली, भोंगवलीच्या विहारात शिकलेली, एक शब्द न चुकता घुमत होती. मला माझा, लेकीचा आणि टेम्पोवाल्या माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

बाहेर आल्यावर मी प्रज्ञाला म्हटलं, "तिला कळलं कसं गं?" तिनं लानला विचारलं. लाननं माझ्या डोक्याकडं हात केला आणि संकोचून सांगितलं. त्यांच्याकडं घरात माणूस गेलं की डोक्याला पांढरं कापड बांधतात. सकाळपासून सगळ्यांना वाटत होतं, ह्या बाईवर आत्ताच दुःख कोसळलंय, तरी बुद्धाच्या पायाशी आलीय. पुढची सीट, बाटली, रांगेतली जागा, सगळं त्यासाठी.

मी पायरीवरच बसले आणि हसत सुटले. म्हणजे मी ज्याला मान समजून ताठ चालत होते, ती दया होती! प्रज्ञा म्हणाली, "आई, मला तरी कुठं माहीत होतं!" आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो. वर्षभर जे मी सगळ्यांपासून लपवलं, ते डोक्यावर घेऊनच फिरत होते. आमच्या गावात ते कुणाला वाचता आलं नाही, कारण आमच्यात पांढऱ्याचा तो अर्थच नाही. ते वाचणारी म्हातारी मला तिथं भेटली. हा योगायोग म्हणा. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की 'सरणं गच्छामि' मी जन्मभर खणखणीत आवाजात म्हटलं, पण शरण जाणं म्हणजे काय ते त्या ओल्या वाटेवर, दुसऱ्याच्या हातात हात देऊन उतरताना कळलं.

यंदाच्या पौर्णिमेला आम्ही शिरवळच्या लेण्यांवर गेलो. 'नमो तस्स' मी म्हटलं, प्रज्ञानं उचललं, आणि मग सगळ्या बाया. पुष्कळ दिवसांनी मला रात्री शांत झोप लागली.

लेण्यांतून उतरताना एकीनं विचारलं, "बाई, त्यांचा फोटू तितंच ठिवून आलासा? परत का न्हाई आनला?"

निघताना भिक्खुणी तो मला परत द्यायला लागली होती. मीच तिचे हात मिटवले होते. केळ्यांच्या फणीला टेकून, फौजी माणसाच्या शेजारी, आमच्या भोंगवलीचा टेम्पोवाला जरा रागीट चेहऱ्यानं बसलाय, आणि त्याच्यापुढं रोज कुणीतरी उदबत्ती लावतंय.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "बुद्धाचं देश फिरायचं म्हनत हुते. पोचलं एकदाचं."