बुधीने ऐकलेलं पुस्तक

वाचकहो, दुसऱ्या कुणाला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवलंत, असं तुमच्या हातून शेवटचं कधी घडलं? आठवत नसेल तर पुढचं जरूर वाचा.

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अंगात येणाऱ्या बाईला भर जत्रेत प्रश्न विचारल्याबद्दल मी मारही खाल्लेला आहे. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... पण लिहिल्यावाचून इलाज नाही.

पनवेलच्या एका वाचनालयात मी पेटी पोचवायचं काम करत होतो. पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, आत पंचवीस-तीस पुस्तकं. दर महिन्याला सायकलच्या कॅरियरवर बांधून खेड्यात न्यायची, आधीची परत आणायची. माथेरानच्या पायथ्याला कातकऱ्यांची एक वाडी आहे, तिथे सोनी नावाची मुलगी होती. चौथी झालेली, वाडीत वाचता येणारी ती एकटीच. दिवेलागणीला ती अंगणात बसून वाचायची आणि सगळी वाडी ऐकायची. पेटीची एक किल्ली तिच्याकडे, एक माझ्याकडे.

वाचनालयाच्या कमिटीला हे वाचन वाटतच नसे. चिटणीस म्हणत, "ऐकणाऱ्यांच्या सह्या कुठे आहेत?"

दिवाळीनंतर मी नवी पेटी घेऊन गेलो तर वाडीत चिटपाखरू नाही. रानात गेले असतील, असं मी धरून चाललो. सोनीच्या झोपडीत, दाराआड पेटीची जागा ठरलेली होती. जुनी उचलली, नवी ठेवली आणि रजिस्टरात ‘पोचली’ असं लिहून मोकळा झालो. दिवाळी झाली की कातकरी बायकापोरांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे मला माहीत नव्हतं. खेड्यांच्या उद्धारावर भाषणं ठोकणाऱ्या मला!

त्या पेटीत एक कोरी कादंबरी होती, ‘सातव्या खडकाचा दिवा’. आदल्याच दिवशी मुंबईहून आलेली. तिच्या घड्या कापलेल्या नव्हत्या. पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच. कापल्याशिवाय आतलं कुणालाच वाचता येणार नाही. मीही वाचली नव्हती.

मधली मार्गशीर्षातली फेरी हुकली. पौषात चिटणिसांनी बोलावलं. "त्या वाडीतून वाचकांच्या सह्या आणा, अंगठे आणा. नाहीतर पेटी बंद. झाडांना पुस्तकं वाटायला वाचनालय काढलेलं नाही."

वाडी अजून रिकामीच होती. पेटी होती तिथेच, कुलूपबंद, झाकणावर बोटभर धूळ. वाटेवरच्या गुराख्याने सांगितलं, "सगली भट्टीवर. शिरढोणच्या अलीकडं."

पेटी कॅरियरला बांधून मी निघालो. मनात काय होतं ते कबूल करतो : न वाचलेल्या पुस्तकांवर वाचल्याचे अंगठे घ्यायचे. तत्त्वाच्या गप्पा मारणारा मी शाईचं पॅड खिशात टाकून खोटेपणा करायला चाललो होतो. दुसरा मार्गच दिसत नव्हता.

भट्टीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मुकादम हसला, "काय मास्तर, इटा वाचायला आलास काय?"

सोनीची आई बुधी चिखल मळत होती. मी विचारलं, "बुधीबाई, सोनी कुठे आहे?"

तिने हात झटकले. "सोनी नवरात्रात गेली. ताप आला न गेली. तुला कोनी नाय सांगला?"

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात आमच्या ट्रंकेची किल्ली होती.

माझ्या खिशातून डोकावणारं शाईचं पॅड बघून तीच म्हणाली, "अंगठा पायजे ना? घे की. आमी ऐकलंय."

"काय ऐकलंत?"

"सोनी वाचते ता. दिवाबत्तीच्या टायमाला. तिकडं, सुकत घातलेल्या इटांच्या मागून."

मला संताप आला. लेक गेलेल्या बाईवर नव्हे. ज्या अडाणीपणाने तिला एवढाच आधार ठेवला त्याच्यावर. मी मुकादमाकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, "आमाला नाय बा ऐकू येत. पन त्या वाडीची सगली त्या येलंला गप बसतात, ता खरा."

"मग सांगा, काय वाचते?" मी जरा कडकच विचारलं.

"समिंदरात खडक हाय. खडकावं दिवा. म्हातारा दिवा लावतो. त्याचा लेक गेलाय, पत्ता नाय. येक दिस होडीतून पोर येते, तिच्या हातात लेकाचा तांब्याचा कडा. म्हातारा कडा बगतो न तिला पुसतो, तू जेवलीस का? आमी काय हसलो! आदी जेवनाचा पुसतो, लेकाचा मंग!"

"आणि पुढे?"

"पुढं नाय. पोर बोलाया तोंड उघडते, न सोनी म्हनली, उद्या."

मी ट्रंक उघडली. पुस्तक तसंच करकरीत, घड्या जोडलेल्या. बुधीचाच कोयता घेऊन मी त्या कापत गेलो. खडक. दिवा. कडं. आणि पानाच्या शेवटच्या ओळीत छापलेलं, ‘तू जेवलीस का?’

मी पुढची घडी कापली. मुलगी काय सांगते ते वाचलं. "बुधीबाई, ऐका, ती म्हणते—"

"तू नको सांगू!" ती ओरडली. "सोनी सांगंल."

मग तिचं लक्ष ट्रंकेकडे गेलं. "पेटी हितं कशी? घरातून उचललीस तू? कशाला उचललीस रे? सोनी आता कशातनं वाचंल?"

दिवेलागण झाली. वाडीची माणसं येऊन विटांच्या थप्प्यांकडे तोंड करून बसली. मीही बसलो. त्यांनाही एक शब्द ऐकू आला नाही. सगळे वळून माझ्याकडे बघत राहिले. ती नजर सोसण्यापेक्षा जत्रेतला मार बरा होता.

तिथूनच पेटी वाडीत परत न्यायला हवी होती. पण मला वाटलं, त्यांनी दिलेले अंगठे आधी दाखवावेत, कमिटीला पटवावं, रीतसर परत न्यावी. सकाळी पनवेलला आलो. चिटणिसांनी अंगठे पाहिले, मग पुस्तकं उलटसुलट केली. "अर्धं पुस्तक अजून जोडलेलं! काय वाचलं यांनी, पुठ्ठा?" जी न कापलेली पानं माझी झोप उडवतात, तीच त्यांच्या हातात माझ्याविरुद्धचा पुरावा झाली. पेटी कपाटात गेली. मी भांडलो, तेव्हा मलाही घरी बसवलं.

परवा बुधी पायी पनवेलला आली. माझ्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मास्तर, तवापासून बोलत नाय रे ती." भाकरी दिली ती घेतली नाही. मी पुन्हा म्हटलं, पुढचं मी सांगतो. ती कानांवर हात ठेवून चालू लागली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पेटी पोचवायच्या आदल्या दिवशी मुंबईहून आलेलं, कुणीच न उघडलेलं पुस्तक पेटीपासून आठ-दहा मैलांवरच्या बाईला कसं कळलं? खूप डोकं फोडलं. कमिटीतल्या शिकलेल्या माणसांना एका वाडीची एक पेटी जड का झाली, याचंही स्पष्टीकरण नाही. दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त चीड आहे.

आता काम सांगतो. कमिटी ते पुस्तक देत नाही. प्रकाशकाकडे प्रत शिल्लक नाही. तुमच्या घरात, तुमच्या गावच्या वाचनालयात ‘सातव्या खडकाचा दिवा’ असेल तर या मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. आजच कपाट उघडून बघा. पाऊस लागायच्या आत मला ते सोनीच्या झोपडीत, दाराआड नेऊन ठेवायचं आहे.