गावभर फिरलेलं पुस्तक

इलारिया तिकोना पेरूतल्या पुनोच्या विद्यापीठात पशुवैद्यकी शिकायला आली तेव्हा तिशी ओलांडून गेली होती. वर्गातल्या पोरी तिला सरळ मावशी म्हणत. सासरे नासारियो यांनी जाऊ दिलं, पण बजावून: "एका विषयात जरी आपटलीस तर मुकाट्यानं कळपामागं. नसती थेरं पुरे." तशीही रविवारी घरी गेली की लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकांचा कळप तिच्याच गळ्यात असे.

ग्रंथालयात कपाटांजवळ कुणाला फिरकू देत नसत. खिडकीत ओळखपत्र ठेवायचं, मग ग्रंथपाल सेफेरिनो आतून पुस्तक आणून देणार. इलारियानं पहिल्याच फेरीत अल्पाकांच्या आजारांवरचं जाडजूड पुस्तक मागितलं.

"एकच प्रत आहे हं, बाई. आठवड्यानं परत."

रविवारी ते घेऊन ती गावी गेली. जावेच्या कळपातल्या पिल्लांना हगवण लागली होती. जावेनं चित्रं पाहिली आणि पुस्तक ठेवून घेतलं. इलारियाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावात नांगर काय, मोठं पातेलं काय, उसनं आलेलं एका घरी थांबतच नाही. अडलेला घेऊन जातो. ते परत मागायला जायचं म्हणजे कोडगेपणाच.

आठवड्यानं ती रिकाम्या हातानं खिडकीत उभी राहिली. "पुस्तक जावेकडं आहे."

"तुमच्या जावेचं ओळखपत्र आहे का माझ्याकडं?"

"नाही. पण तिच्याकडं आजारी जनावरं आहेत ना!"

सेफेरिनोंनी कपाळाला हात लावला. "मग ते येईपर्यंत दुसरं काही मिळायचं नाही. आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी तुमची परीक्षा आहे."

रविवारी इलारिया पुस्तकाच्या मागे निघाली. जावेनं ते शेजारणीला दिलं होतं, शेजारणीनं ओढ्यापलीकडच्या विधवेला. प्रत्येक घरी बसवून घेत, उकडलेले बटाटे पुढं ठेवत, वाचलेली पिल्लं दाखवत. इलारियाला बरंही वाटे आणि रडूही येई. विधवा म्हणाली, "ते तर तुझ्या सासऱ्यानं नेलं की!"

नासारियो अंगणात बसले होते, चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर. त्या घरात तिनं आजवर काही परत मागितलं नव्हतं.

"मामंजी, पुस्तक द्या. परीक्षा माझी आहे."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "यातलं किती वाचलंस?"

"एक पानही नाही."

"अख्ख्या गावानं वाचलं, आणि डॉक्टरीणबाई कोऱ्याच?"

मागं अल्पाका बाहेर पडायला धडपडत होत्या, म्हणून ती सवयीनं काठी घ्यायला वळली. म्हाताऱ्यानं आधीच काठी उचलली होती. पुस्तक त्यानं आपल्या बसायच्या जागेवर ठेवलं.

"बस इथं. कळप आज मी नेतो."