बर्फाचा एकच कारखाना

ताई पनवेलच्या मच्छीबाजारात बसायची आणि मी तिच्यासाठी करंजा बंदरातून टेम्पोने मासळी आणायचो. वाटेत बर्फाचे तीन कारखाने होते. एकाने भाव चढवला की दुसऱ्याकडे गाडी वळवायची.

मग भारनियमनाची वर्षं आली. वीज तासन् तास जायची, लाद्या साच्यातच अर्धवट राहायच्या. दोन कारखाने बंद पडले. तिसऱ्या कारखान्याच्या शेठकडे जनरेटर होता. त्यांनी आधी भाव वाढवला, तो आम्ही कुरकुरत दिला. पुढे अट आली: बर्फ हवा तर करंजाची कोळंबी आधी त्यांना द्यायची, त्यांच्या दराने. ताई मला घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात गेली. शेठ रागावले नाहीत. डिझेलचा खर्च समजावून सांगितला आणि म्हणाले, "जबरदस्ती नाही, ताई. दुसरीकडे मिळत असेल तर जरूर घ्या."

दुसरीकडे मिळत नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

काही दिवस आम्ही ठाण्याहून बर्फ आणून पाहिला. भुसा, गोणपाट, ताडपत्री, सगळं करूनही कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पोखाली पाण्याची धार लागायची. एका दुपारी पापलेटांना वास आला. ताईने सगळी टोपली खाडीत ओतली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही शेठना कोळंबी देऊ लागलो.

पुढे वीज नियमित झाली. मला वाटलं, सुटलो. पण एका बंद कारखान्याच्या जागेवर इमारत उभी राहत होती आणि दुसऱ्याची मशिनरी शेठनीच विकत घेतली होती. जनरेटर थांबला, अट राहिली.

एकदा करंजाला वाळत घातलेल्या बोंबलांपाशी ताई बराच वेळ उभी राहिली.

"सुक्याला बरफ लागत नाय," ती म्हणाली.

तिने ओली मासळी सोडली. जुनी गिऱ्हाइकं तुटली, कमाई घटली. पावसाळ्याआधी बायका सुकी मासळी भरून ठेवतात, तेवढ्यापुरताच तिचा धंदा जोरात चाले. पण ती कुणाच्या ऑफिसात गेली नाही.

माझा टेम्पो सुक्या मासळीने भरत नव्हता. तो मी शेठकडे लावला. त्यांचा बर्फ करंजाला न्यायचा, त्यांचीच कोळंबी परत आणायची. बंदरावरचे ओळखीचे विचारत, शेठ कोळंबीचा दर वाढवून देतील का? एकदा मी तसं त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बाहेर टेम्पोवाले पुष्कळ उभे आहेत.

मी लाद्या चढवल्या आणि निघालो.