न मोजणारे सिदूभाऊ

माझ्या रविवारच्या वर्गात मी हजेरीपट उघडायच्या आत हजेरी होऊन गेलेली असे. सिदूभाऊ कोळेकर दाराशी चपला काढत, उंबऱ्यात उभे राहून बाकांवरून एकदा नजर फिरवत आणि सांगून टाकत, "पलूसच्या ताई आल्या न्हाईत आज. आन त्यो वायरमन बी न्हाई." मी मुकाट्याने दोन गैरहजेऱ्या लावायची. ते कधी चुकले नाहीत. मी चुकले, दोनदा.

माधवनगरला एका बंद गिरणीशेजारच्या गाळ्यात मी नोकरदार माणसांना सर्व्हर सांभाळायला शिकवते. बहुतेक चाळिशी ओलांडलेले. काही बिघडेल या धास्तीने तापलेल्या तव्याला लावावा तसा कीबोर्डला हात लावणारे. सिदूभाऊ अठ्ठेचाळीसचे, जत बाजूचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. धाकटा भाऊ अजून कळप घेऊन फिरायचा. हे सांगलीत एका दवाखान्यात कंत्राटावर शिपाई होते. कंत्राट संपायच्या आत परीक्षा पास झालात तर सर्व्हरच्या कामावर कायम करू, नाहीतर राम राम, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, पोरीचं कॉलेज सांगलीत हाय. मी हितं ऱ्हायलो तर ती शिकंल. एवढं बगा."

सर्व्हरवर पडद्याआड वीसेक छोटे प्रोग्रॅम सतत चालू असतात. त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. त्यातली कुठली बंद पडली का, हे रोज सकाळी पाहणं हे पहिलं काम. माझी पद्धत ठरलेली होती: यादी काढा, मोजा, आकडा तक्त्यात लिहा, कालच्याशी ताडून पाहा. सिदूभाऊ मोजतच नसत. यादीवर नजर टाकून म्हणत, "म्हातारी न्हाई आज." म्हातारी म्हणजे बॅकअप घेणारी सर्व्हिस, दिवसभर निवांत बसून असते म्हणून. छपाईची ती लंगडी, कारण सारखी अडखळायची. पाहावं तर खरंच म्हातारी बंद पडलेली असे. तक्त्यातला आकड्याचा रकाना मात्र कोरा.

"मोजायला काय होतं हो तुम्हाला?" एकदा मी चिडून विचारलं.

"आवं मॅडम, मेंढरं मोजत न्हाईत, वळखत्यात. मोजली की नजर लागती."

"ही काय मेंढरं आहेत?"

"राखायची हाईत न्हवं? मग मेंढरंच की."

वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत धुसफुसत होते. मला पद्धत हवी होती. शिवाय परीक्षा तोंडावर आलेली, आणि कोऱ्या रकान्याला गुण नसतात. तेव्हा मी त्यांच्यामागे हात धुऊन लागले. दर रविवारी खुर्चीमागे उभी राहून त्यांना एकेका ओळीवर बोट ठेवून मोजायला लावलं. "आकडा जुळला की सही करायची आणि पुढं जायचं. नजरेवर भरवसा ठेवायचा नाही." हे माझेच शब्द. ते खाली मान घालून म्हणाले, "तुमी म्हंता म्हणून मोजतो."

परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला. त्याने गुपचूप एक सर्व्हिस बंद केली होती आणि तिच्याऐवजी भलतीच, बिनकामाची एक चालू करून ठेवली होती. एकूण आकडा तोच. मी मागच्या भिंतीशी उभी होते. सिदूभाऊंनी यादी काढली, बोट ठेवून, ओठ हलवत मोजलं. एकवीस. तक्त्यातही एकवीस. पण सहीला उचललेलं पेन तसंच राहिलं, कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी खटकलं होतं खास. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वेगळं काहीच दिसत नव्हतं. आकडा जुळला होता, मी खूश होते. नकळत माझी मान होकारार्थी हलली. त्यांनी सही केली आणि ते नापास झाले.

फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती. कंत्राट त्याच महिनाअखेर संपलं. मुलीचं कॉलेज सुटलं, तिला गावी आत्याकडे ठेवून सिदूभाऊ भावाच्या कळपामागे घाट उतरून कोकणात गेले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी रविवार मला खायला उठत. शिकवता शिकवता नजर त्यांच्या खुर्चीकडे जायची आणि वाटायचं, हा माणूस परत यावा, मोजू नये, काही लिहू नये, नुसतं बसावं इथे.

फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन मी त्यांना शोधायला निघाले. कळप परतीच्या वाटेवर होता, रहिमतपूरच्या पुढे एका शेतात लेंडीखतासाठी बसवलेला. सिदूभाऊ वाळले होते. मला पाहून लगबगीने आले, बसायला घोंगडं अंथरलं. "लय लांब आला मॅडम." रडायचं नाही असं मी ठरवून गेले होते, ते काही जमलं नाही.

"चूक माझी होती, सिदूभाऊ. तुम्हाला दिसलं होतं. मीच मान हलवली."

"न्हाई वो. सही तर मीच केली."

"मग हा फॉर्म भरा. पास झालात तर दुसरीकडेही काम मिळेल. या वेळी मोजू नका. तुमच्या पद्धतीनं करा."

त्यांनी फॉर्म वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. मग कळपाकडे हात केला.

"माजी पद्धत ऱ्हायली न्हाई आता. सांजच्याला मेंढरं बी मोजतो मी. बोट दावून, तीन-तीन येळा. आकडा जुळतोय, पर जीव थाऱ्यावर येत न्हाई. पयल्यासारकं नुस्तं बगून कळंना झालंय."

इतक्या वर्षांत माझं शिकवणं इतकं पक्कं कुणीच धरलं नव्हतं.